थिएटरमधला अबोला

नवरा-बायकोचा अबोला स्वयंपाकघरात खपतो, गाडीत खपतो, सासरच्या लग्नात तर तो कुणाच्या लक्षातही येत नाही. ऑपरेशन थिएटरमध्ये मात्र तो खपत नसे. टेबलाच्या डोक्याशी बायको भूल देत उभी, मध्ये नवरा पोट उघडून उभा, आणि दोघांच्या भरवशावर एक माणूस निपचित पडलेला. तिथे रुसून कसं चालेल? करमाळ्याच्या दंडवते हॉस्पिटलात डॉ. श्रीरंग आणि डॉ. वैजयंती दंडवते लग्न झाल्यापासून भांडत आले होते. पण हात धुऊन आत शिरलं की भांडण दाराबाहेर चपलांशेजारी थांबायचं.

मग जागल्या आला आणि थिएटरमध्येही अबोला खपू लागला.

जागल्या हे साळवे सिस्टरांनी ठेवलेलं नाव. यंत्राचं कंपनीतलं नाव लांबलचक होतं आणि ते घेताना जीभ दोनदा अडखळे. रात्रभर गावाची राखण करणारा तो जागल्या, आणि थिएटरची राखण करणारा हा, असा सिस्टरांचा सरळ हिशेब.

राखण कशाची, तर आगीची. आग लागायला तीन गोष्टी लागतात हे शाळेतलं पोरही सांगेल: जळणारी वस्तू, पेटवणारी उष्णता आणि ऑक्सिजन. थिएटरमध्ये या तिन्ही भरपूर असतात, आणि तिन्ही वेगवेगळ्या माणसांच्या ताब्यात असतात. उष्णता सर्जनकडे. रक्तवाहिन्या भाजून बंद करणारी कॉटरी त्याच्या हातात असते. दुर्बिणीचा दिवाही त्याचाच, आणि त्याच्या केबलचं टोक चादरीवर विसरलं तर चादरीला भोक पडतं. ऑक्सिजन भूल देणाऱ्याकडे. आणि जळण सिस्टरकडे: स्पिरिट, कापूस, गॉज, पेशंटवर पसरलेल्या हिरव्या चादरी. साध्या हवेत पाचातला जेमतेम एक भाग ऑक्सिजन. तिथे गॉजवर ठिणगी पडली तर बहुधा डाग पडून विझते. पण मास्कच्या कडेने गळणारा ऑक्सिजन चादरीखाली साचत जातो, आणि तिथे तोच गॉज भपकन पेटतो. आग कळते तेव्हा ती चादरीच्या दुसऱ्या टोकाला पोचलेली असते.

म्हणून आतल्या माणसांनी बोलत राहायचं असतं. दंडवत्यांची त्यासाठी स्वतःची पद्धत होती. कॉटरी उचलण्याआधी श्रीरंग विचारायचा, "विस्तव?" पूर्वी बायका शेजारणीकडे चुलीसाठी मागत, तसा. वैजयंती ऑक्सिजन खाली आणायची, चादरीखालची हवा निवळेपर्यंत थांबायची आणि म्हणायची, "घे." कधी पेशंटला तेवढाही ऑक्सिजन कमी करणं परवडत नसे, तेव्हा ती म्हणायची, "आज नाही, बांधून टाक." मग श्रीरंग निमूट दोऱ्याने रक्तवाहिनी बांधायचा. सिस्टर या दोघांना हसायच्या, पण या हॉस्पिटलात कधी साधी चादरही करपली नव्हती.

जागल्याने हे सगळं स्वतःकडे घेतलं. चादरींच्या विणीत त्याचे केसाएवढे धागे होते. ते चादरीखालचा ऑक्सिजन आणि स्पिरिटची वाफ मोजत. छताला त्याचा उष्णता ओळखणारा डोळा होता. सर्जनने पायाखालचं पेडल दाबलं, की कॉटरी चालू होण्याआधी जागल्या भुलीच्या मशीनला सांगून ऑक्सिजन उतरवायचा, हवा निवळल्याची खात्री करायचा, मगच कॉटरीला वीज द्यायचा. काम झालं की ऑक्सिजन पुन्हा वर. सगळं एका श्वासात. विचारणं नाही, थांबणं नाही. कंपनीची जाहिरातच होती, "शांत शस्त्रक्रिया". पहिल्या महिन्यात श्रीरंग सवयीने "विस्तव?" म्हणायचा. दुसऱ्या महिन्यात म्हणेनासा झाला. वैजयंतीला तेव्हा थोडं चुकल्यासारखं वाटलं, पण यंत्र अचूक होतं आणि अचूक गोष्टीविरुद्ध तक्रार तरी काय करणार?

अबोल्याचं कारणही जागल्याच होता. सरकारने नवा नियम काढला होता: असं यंत्र असेल तिथे छोट्या शस्त्रक्रिया भूलतज्ज्ञाशिवाय, सर्जनने एकट्याने केल्या तरी चालतील. त्याला एकल परवाना म्हणत. श्रीरंगने त्यासाठी अर्ज केला आणि घरी चकार शब्द काढला नाही. कंपनीचा इंजिनिअर, परांडेकर नावाचा गोड बोलणारा माणूस, वैजयंतीलाच अभिनंदन करून गेला. "मॅडम, आता तुम्हाला आराम!"

त्या संध्याकाळी तिने विचारलं, "मला सांगावंसं वाटलं नाही तुला?"

"अगं, सांगणारच होतो. तुझे गुडघे दुखतात, दिवसभर उभी असतेस..."

"गुडघे माझे आहेत, श्रीरंग. टेबलाच्या डोक्याशी मी उभी राहायचं की नाही हे तू आणि तुझ्या त्या परांडेकरने ठरवायचं?"

"तू प्रत्येक गोष्ट अंगाला लावून घेतेस."

ते शेवटचं वाक्य. त्यानंतर वैजयंती त्याच्याशी बोलली नाही. रुसणाऱ्या माणसाला वाटत असतं, की चार दिवसांत समोरचा हात जोडत येईल. श्रीरंगला वाटत होतं, चार दिवसांत ही निवळेल. चारचे आठ झाले, आठाचे पंधरा, आणि ऑपरेशनं बिनबोभाट होत राहिली. दोघांच्या मधला निरोप्या छताला टांगलेला होता. वैजयंतीला सगळ्यात जास्त लागलं ते हेच: तिच्या न बोलण्याने कुणाचंच काही अडत नव्हतं.

हॉस्पिटलच्या फाटकासमोर सोनाबाई टकल्यांची भज्यांची गाडी होती. हॉस्पिटल उघडलं त्या वर्षापासूनची. गळ्याला पेरूएवढा गलगंड घेऊन ही बाई कढईशी बसायची. वैजयंतीने कितीदा तरी म्हटलं होतं, की काढून टाकू या. त्यावर सोनाबाईंचं ठरलेलं उत्तर, "राहू द्या वो बाई, सोन्याचा डाग न्हाई तर न्हाई, गळ्यात कायतरी असावं की."

अबोला त्यांच्याही नजरेतून सुटला नव्हता. "साहेब येगळे च्या पेत्यात, तुमी येगळ्या पेताव," त्या एकदा म्हणाल्या. "काय झालंय वो?"

"काही नाही, सोनाबाई. कामं असतात."

"कामं कवा नव्हती?" सोनाबाई म्हणाल्या आणि झारा कढईत घातला.

एके दिवशी दुपारी सोनाबाईंचा मुलगा नागनाथ आईला दोन्ही हातांवर उचलून धावत आत आला. "मॅडम, आयीचा दम कोंडायलाय! सकाळपासनं गळा फुगायलाय!"

गलगंडाच्या आत रक्तस्राव झाला होता. पेरूचा आता नारळ झाला होता आणि तो श्वासनलिका दाबत होता. सोनाबाई बसूनच होत्या, आडवं करताच गुदमरत होत्या. प्रत्येक श्वासाला गळ्यातून शीळ वाजत होती. सोलापूर फार लांब होतं. रक्ताची पिशवी तिकडून ड्रोनने येऊ शकत होती, पण सोनाबाईंना ड्रोनने पाठवता येत नव्हतं. गळ्याला पुढून छेद द्यायचा आणि श्वासनलिकेत नळी बसवायची, एवढा एकच मार्ग उरला होता.

श्रीरंगने हात धुतले. वैजयंतीने मशीन चालू केलं. खरं तर याच क्षणी दोघांनी एकमेकांसमोर उभं राहून ठरवायला हवं होतं, की कुठे अडेल, अडलं तर काय करायचं. कोणत्याही थिएटरात ठरवतात. त्याऐवजी श्रीरंग साळवे सिस्टरांना म्हणाला, "मॅडमना सांगा, तोंडातून नळी जाते का बघा म्हणावं." मॅडम हाताच्या अंतरावर होत्या.

तोंडातून नळी गेली नाही. घसा सुजून वाकडा झाला होता. वैजयंतीने मास्क लावला, ऑक्सिजन सोडला, गुंगीचं थोडंसं औषध दिलं. श्रीरंगने गळा बधिर करून छेद घेतला, आणि पहिल्याच थराला रक्त आलं. फुगलेल्या गलगंडाच्या शिरा तटतटलेल्या असतात. एक बांधावी तर दुसरी फुटते.

श्रीरंगने पेडल दाबलं.

जागल्याने नेमून दिलेलं काम केलं. ऑक्सिजन उतरवला. वैजयंतीच्या पडद्यावर सोनाबाईंच्या रक्तातला ऑक्सिजन घसरायला लागला आणि घसरतच गेला. बाईंचे ओठ निळे झाले. एवढ्याशा उसन्या श्वासावर तगलेल्या माणसाचा तोच ऑक्सिजन काढून घेतल्यावर दुसरं काय होणार? वैजयंतीने मशीन हाताच्या नियंत्रणावर घेतलं आणि ऑक्सिजन पूर्ण सोडला. जागल्याने तत्काळ कॉटरीला कुलूप घातलं. पिवळा दिवा लागला, सूचक आवाज सुरू झाला.

श्रीरंगने पुन्हा पेडल दाबलं. पिवळा दिवा. पुन्हा दाबलं.

"हे अडकलंय," तो सिस्टरांना म्हणाला. जागल्या अधूनमधून असा अडकायचा आणि परांडेकर फोनवर सांगायचा, बंद करून चालू करा. आता त्याला वेळ नव्हता. "तो आवाज बंद करा आधी. डोक्यात जातोय."

सिस्टरांनी आवाज बंद केला.

इथे दोघांच्याही डोक्यात काय चाललं होतं, ते समजून घ्यायला हवं. दोघंही मूर्ख नव्हते. वैजयंतीच्या मनात आलं, कॉटरीला कुलूप आहे म्हणजे टेबलावर विस्तव नाही, म्हणजे ऑक्सिजन पूर्ण सोडायला हरकत नाही. श्रीरंगच्या मनात आलं, मी पेडल दाबलंय म्हणजे यंत्राने ऑक्सिजन उतरवलाय, फक्त कॉटरी अडकलीय. दोघांचंही गणित आपापल्या जागी चोख होतं. दोन शब्दांनी दोन्ही गणितं जुळली असती, पण ते शब्द काढायचे कुणी?

"सिस्टर, ती डोळ्यांच्या शिबिरातली पेन कॉटरी आहे ना? द्या."

ती पेनाएवढी असते, बॅटरीवर चालते, बटण दाबलं की टोकाची तार लाल होते. कशाला जोडलेली नसते, त्यामुळे जागल्याच्या हातात तिचं कुलूप नव्हतं. साळवे सिस्टर क्षणभर घुटमळल्या, त्यांनी वैजयंतीकडे पाहिलं. वैजयंतीची नजर पडद्यावर होती. आकडा हळूहळू वर चढत होता आणि तिला दुसरं काही दिसत नव्हतं. सिस्टरांनी पाकीट फोडलं.

बटणाचा टिक आवाज झाला तेव्हा वैजयंतीने मान वर केली.

हिरव्या चादरीच्या कडेशी, श्रीरंगच्या बोटांमध्ये एक लाल ठिपका होता.

तिला सगळं एकदम कळलं. तोंड उघडलं. आणि नवऱ्याचं नाव गळ्याशी येऊन अडलं. इतक्या दिवसांत ते तिने उच्चारलं नव्हतं. किती बारीक क्षण होता तो! पापणी लवायला लागतो तेवढा. पण त्या क्षणात तिच्या आतलं कुणीतरी हट्टाने म्हणालं, मी का आधी बोलू?

"श्रीरंग, थांब! ऑक्सिजन पूर्ण आहे!"

तो थांबला. हात मागे घेतला. पण तार गॉजच्या कडेला लागून गेली होती. गॉज पेटला, पांढराशुभ्र, डोळे दिपवणारा, आणि चादरीखालून निळसर उजेड सोनाबाईंच्या हनुवटीकडे पळाला.

वैजयंतीने एका हाताने ऑक्सिजन बंद केला, दुसऱ्या हाताने मास्क ओढून फेकला. श्रीरंगने चादर खेचून जमिनीवर टाकली. साळवे सिस्टरांनी सलाईनचं भांडं सोनाबाईंच्या गळ्यावर उपडं केलं. आग विझली. करपलेल्या केसांचा वास थिएटरभर पसरला. सोनाबाईंच्या हनुवटीवर आणि डाव्या गालावर कातडी पांढरी पडली होती.

आणि शीळ थांबली होती. श्वासच थांबला होता.

"काही दिसत नाही मला," श्रीरंग म्हणाला. "सगळं रक्त आहे, वैजू."

"नसू दे दिसत. ऑक्सिजन बंद आहे. सुरी घे, सुरीच. बोटाने शोध."

"गाठ मध्ये येतेय."

"खालून जा. मी डोकं मागे घेते. आता?"

"लागली... श्वासनलिकेचं कडं लागलं बोटाला."

"काप."

त्याने कापलं. रक्ताचा फेस आला. "नळी," तो म्हणाला, आणि ती त्याच्या हातात होतीच. वैजयंतीने नळीला हवेची पिशवी जोडली, दाबली. छाती हलली नाही.

"मागे घे थोडी. वाकडी गेलीय."

"घेतली."

तिने पुन्हा पिशवी दाबली. सोनाबाईंची छाती वर आली. पडद्यावरचा आकडा तळाशी थबकला आणि मग नाखुशीने वर यायला लागला. तिघंही बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत उभी होती. साळवे सिस्टर तोंडातल्या तोंडात प्रार्थना म्हणत होत्या. श्रीरंग रडत होता आणि ग्लोव्ह्जमुळे त्याला डोळे पुसता येत नव्हते. वैजयंतीने आपल्या बाहीने ते पुसले.

दुसऱ्या दिवशी परांडेकर आला. त्याने जागल्याची सगळी नोंद पडद्यावर काढली आणि समाधानाने मान हलवली. "यंत्रणा निर्दोष आहे. मॅडमचंही बरोबर आहे. पेशंट खालावत होता, त्यांनी ऑक्सिजन वाढवला, योग्यच केलं. सरांनी मात्र यंत्रणेबाहेरचं साधन वापरलं." त्याने आवाज खाली आणला. "चौकशी होईल. सरांचा एकल परवाना काही महिने अडकेल बहुतेक. पण मॅडम, तुम्ही निश्चिंत राहा. नोंद इतकी स्पष्ट आहे की तुम्हाला काही बोलावंच लागणार नाही."

वैजयंतीने पडद्याकडे पाहिलं. ऑक्सिजन कधी वाढला, पेडल कितीदा दाबलं, उष्णता कुठे दिसली, सगळं त्यात होतं. तिच्या गळ्याशी अडलेलं नाव त्यात नव्हतं. ते कुणालाच ठाऊक नव्हतं, श्रीरंगलासुद्धा नाही. गप्प बसली असती तर ती जन्मभर निर्दोष राहिली असती. वर ज्याने तिला न विचारता टेबलापासून दूर करायचं ठरवलं होतं, त्याला आयती शिक्षा मिळाली असती. असा विचार तिच्या मनात आला नाही असं म्हणणं खोटं ठरेल. आला, आणि तिला स्वतःची भीती वाटली.

ती उठून वॉर्डात गेली. श्रीरंग आधीच तिथे होता, सोनाबाईंच्या खाटेपाशी, नागनाथसमोर. "चूक माझी आहे," तो सांगत होता. "न विचारता ते हत्यार घेतलं मी."

"एकट्याची नाही," वैजयंती म्हणाली.

"वैजू, तू कशाला..."

"मला बोलू दे." ती सोनाबाईंच्या उशाशी टेकली. सोनाबाई जाग्या होत्या. गळ्यात नळी होती, त्यामुळे बोलता येत नव्हतं. हनुवटीवर, गालावर पट्टी होती. "सोनाबाई, आम्ही दोघं बोलत नव्हतो. तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं सांगितलं. आत गेल्यावरसुद्धा आम्ही बोललो नाही. मी ऑक्सिजन वाढवला ते यांना सांगितलं नाही, यांनी तार घेतली ते मला सांगितलं नाही. आणि..." तिने खाटेची कड धरली. "मला ती तार दिसली होती. लगेच हाक मारायला हवी होती. मी क्षणभर थांबले. रागाने थांबले. मी तेव्हाच ओरडले असते तर कदाचित तुम्ही भाजल्या नसतात."

श्रीरंगने तिच्याकडे वळून पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. हे सगळं कुठून सुरू झालं, ते त्याला पहिल्यांदा दिसत होतं.

नागनाथने आईच्या गालावरच्या पट्टीकडे पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाला, "म्हंजे भांडण तुमच्या घरातलं, अन् भाजली माजी आयी."

"हो," वैजयंती म्हणाली.

"तुमचंच नाव घ्यायची वो ती. कुणी आजारी पडलं की म्हनायची, समोर न्या, दोघं देवमाणसं हायती."

सोनाबाईंनी हात उचलून मुलाला गप्प केलं. मग त्यांनी वैजयंतीकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. त्या नजरेत ओळख होती, माया नव्हती. बोटांनी त्यांनी गालावरची पट्टी चाचपली. आणि तोच हात दाराकडे केला: जा आता.

दोघं बाहेर आली. व्हरांड्यात पेशंटचे नातेवाईक बसले होते, कुणी डबा सोडत होतं. फाटकाबाहेर झाकलेली भज्यांची गाडी दिसत होती.

"चौकशीत हे सांगितलंस तर तुझ्यावरही येईल," श्रीरंग म्हणाला.

"येऊ दे."

"तू बोलली नसतीस तरी चाललं असतं, वैजू."

"तसंच तर चाललं होतं आपलं," ती म्हणाली.

तो भिंतीला टेकला. वय झाल्यासारखा दिसत होता. "त्या परवान्याचं... मी तुला विचारलं नाही कारण तू नाही म्हणशील हे मला माहीत होतं. गुडघ्यांचं खोटं होतं."

"माहीत आहे मला."

"माफ करशील?"

"ते नंतर बघू. मला अजून राग आहे," वैजयंती म्हणाली. "आधी हे सांग, सोनाबाईंची गाठ कधी काढायची? चौकशी लागायच्या आत सोलापूरहून कुणाला बोलावणार आहेस? रक्त किती लागेल? कुठली शीर तुला भीतीची वाटते? सगळं सांग. मला राग आहे म्हणून सांगायचं थांबू नकोस."

श्रीरंगने खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला आणि तिथेच, व्हरांड्यात उभ्या उभ्या, सांगायला सुरुवात केली.